मागच्या माणसांची कामं

गुरुजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नावामागे कैलासवासी लावायचीही आता कोणाला आठवण राहिली नसेल. मला मात्र गेले काही महिने तुमची रोज आठवण येते आहे, आणि ती चांगली येत नाही, हे आधीच सांगून टाकते. पत्रात शिष्यानं गुरुजींची खुशाली विचारावी, आशीर्वाद मागावा, असं तुम्हीच फळ्यावर लिहून आम्हाला शिकवलं होतं. तुमची खुशाली विचारण्यासारखी राहिलेली नाही आणि आशीर्वाद मला नको आहे. तेव्हा सरळ कामाचं बोलते. काम हाच विषय आहे.

माझी भाची, बहिणीची मुलगी, पुण्याला एका कंपनीत आहे. तिथं मोबाइलवर खेळायचे खेळ तयार करतात. तिच्या खेळात मारामारी नाही, हारजीत नाही. खेळणाऱ्याला एक गाव मिळतं. त्यात त्यानं घर बांधायचं, शेत पेरायचं, लग्न करायचं, पोरंबाळं वाढवायची आणि म्हातारं व्हायचं. थोडक्यात, आपण जे निमूटपणे करत आलो तेच आता लोक हौसेनं, एका बोटानं करतात. तर हा मुख्य माणूस जगत असताना त्याच्यामागे गाव ओसाड दिसू नये म्हणून कंपनीनं त्यात बरीच माणसं सोडून दिली आहेत. त्यांच्याशी कोणी खेळत नाही. त्यांना नाव नाही. ती नुसती मागं हिंडतात. दिवाळीत भाची वाशीमला माझ्याकडे आली, लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, ह्या मागच्या माणसांना कामं द्यायची आहेत. खरी वाटतील अशी. तू खेड्यात वाढलीस, शिवाय आयुष्यभर लोकांना कामाला लावलंस. तूच बघ." माझी सगळी नोकरी सेवायोजन कार्यालयात गेली, म्हणून ती असं म्हणते. आम्ही तिथं किती जणांना कामाला लावलं हे न विचारलेलंच बरं.

मी चष्मा लावून बघितलं. एक बाई घागर घेऊन विहिरीवर जाते, घागर न बुडवताच परत येते आणि पुन्हा जाते. एक माणूस दोन हात जमीन झाडतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच. लोहार घण घालतो, ऐरणीवर काही नाही. न्हावी आहे, पण गावात एकाच्याही डोक्यावरचे केस वाढत नाहीत. एक कोळी जाळं टाकून बसला आहे आणि जवळपास पाण्याचा टिपूस नाही. शिकलीसवरलेली पोरं गार हवेच्या खोलीत बसून असलं गाव घडवतात, आणि वर एकमेकांच्या पाठी थोपटतात. भाची मला म्हणाली, "आमचं गाव बाकीच्यांपेक्षा जास्त जिवंत आहे, असं सगळे म्हणतात." जिवंत हा शब्द तिनं उच्चारला आणि तुम्ही आठवलात.

केनवडच्या शाळेत दरवर्षी स्नेहसंमेलनात तुम्ही जिवंत देखावा उभा करायचात. नाटक नाही, कारण नाटकात पोरं बोलतात आणि पोरांनी बोललेलं तुम्हाला खपत नसे. देखाव्यात पडदा उघडला की प्रत्येक जण आपापलं काम करताना दिसायचा, आणि पडदा पडेपर्यंत ते थांबवायचं नाही, एवढाच नियम. पंचक्रोशीत तुमच्या देखाव्याचं नाव होतं. लोक बैलगाड्या जुंपून बघायला यायचे. बघायला काय, तर आपल्याच गावातला सुतार स्टेजवर रंधा मारतोय आणि आपल्याच गावातली बाई सूप पाखडतेय! सकाळी जे बघून कंटाळले तेच दुपारी टाळ्या वाजवून बघायचे. तुम्ही बाजूला उभे राहून त्या टाळ्या अंगावर घ्यायचात. तेव्हा मला तुमचा राग येत नव्हता. तेव्हा मलाही त्या देखाव्यात उभं राहायचं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरचं ते वर्ष. मी सातवीत होते. वाशीमला तेव्हा जिल्हा व्हायला खूप वेळ होता, शिक्षण खात्याचे मोठे साहेब अकोल्याहून यायचे, आणि त्या वर्षी ते आमच्या शाळेत येणार होते. तुम्ही देखावा ठरवलात, 'आपलं गाव'. कामं वाटताना नियम सांगितलात, "ज्याच्या घरी जे काम, त्यानं तेच करायचं. म्हंजे खरं वाटते." सुताराच्या पोराला रंधा, कुंभाराच्या पोराला चाक, माळ्याच्या पोरीला भाजीची टोपली. इथपर्यंत ठीक होतं. पण ज्यांच्या घरी गडीमाणसं काम करतात आणि घरचे फक्त सुपारी कातरतात, अशा बड्या घरच्या पोरांचं काय करायचं? त्यांना तुम्ही डॉक्टर केलंत, ग्रामसेवक केलंत. म्हणजे नियम होता आणि नव्हताही. मग मला म्हणालात, "तुह्या बापाचा खाकी कोट अन् टपालाची पिशवी घेऊन ये उद्या." मी शाळेपासून घरापर्यंत पळत गेले.

माझे बाबा गावचे टपालवाले होते. सकाळी सायकलवर रिसोडला जायचे, टपाल घेऊन यायचे आणि केनवडभर वाटायचे. तुम्हाला हे ठाऊक होतं, कारण तुमचंही टपाल तेच आणायचे. त्यांच्या आधी आमच्या घरात सरकारी कोट कोणाच्या अंगावर चढला नव्हता. आजोबा गावकीची काठी घेऊन फिरायचे. कोणाचं ढोर मेलं ओढा, कोणी मेलं सांगावा न्या, साहेब आला त्याच्या घोड्यापुढे पळा. छप्पन साली धम्म घेऊन आल्यावर त्यांनी ती काठी चावडीच्या पायरीवर नेऊन ठेवली आणि म्हणाले, "हे तुमचं, तुमच्यापाशी ठेवा." त्यानंतर ते फार जगले नाहीत, पण जेवढे जगले तेवढे दुसऱ्याच्या वावरात मजुरी करून जगले आणि चावडीवरून जाताना तिकडे बघितलं नाही. ही गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा सांगितली जायची की मला त्या काठीचं वर्णन पाठ होतं. टोकाला पितळेचं कडं, त्यात घुंगरू.

तर कोट. संध्याकाळी माय चुलीतले निखारे पितळेच्या लोट्यात भरते आहे. बाबांनी सतरंजीवर कोट पसरला आहे आणि फडक्यानं लोटा धरून ते त्यावरून फिरवतायत, बाह्यांवरून, कॉलरवरून, खिशांच्या झाकणांवरून. बिल्ला त्यांनी चिंचेनं घासून ठेवलाय. मी अंगात घालून बघते तर कोट घोट्यापर्यंत येतो. बाबा म्हणतात, "लांब होते वं तुले. बाह्या दुमडून घेजो." माय म्हणते, "अन् हासू नोको तिथं. टपालवाला हासत नाही." बाबा म्हणतात, "काहून? मी तं हासतो." आणि खरंच हसतात. आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात दुसरं काही आलंच नाही, गुरुजी. टपालवाल्याची पोरगी टपालवाला होणार, यात शंका घ्यायला जागा कुठं होती? नियम तुमचाच होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी रंगीत तालीम होती. बाबा रिसोडला गेलेले, त्या दिवशी नुसत्या सदऱ्यावर. मी कोट घेऊन आले, तुम्ही तो बाकावर ठेवायला लावलात आणि सरपंचाच्या पोराला घालायला सांगितलात. मला वाटलं, नुसता मापाला घालून बघतायत.

"गुरुजी, तो कोट माह्या बाबाचा हाये," मी म्हटलं.

"मंग? मी कुठं ठेवून घेऊन राह्यलो? भेटन परत."

"पण टपालवाला मी होणार नं?"

पोरं हसली. तुम्ही हसला नाहीत, तुम्ही समजावून सांगितलंत. ते जास्त वाईट होतं. "हे पाय पोरी, पाहणाऱ्याले खरं वाटलं पायजे. टपालवाला म्हंजे सरकारचा माणूस. तू त्या कोटात उभी राह्यली तं कोणाले खरं वाटन?"

"आमच्या घरी तेच काम हाये."

"आता हाये. मूळ काय होतं? साहेबाले मूळ गाव दाखवाचं हाये. बारा बलुतेदार."

बारा बलुतेदारांत टपालवाला कधीपासून आला, हे मी तेव्हा विचारलं नाही. तेवढी अक्कल नव्हती. सरपंचाच्या पोरासाठी तुम्ही तेरावा बलुतेदार काढलात आणि तोही माझ्या बापाचा कोट घालून. खरं वाटण्याचा तुमचा सगळा सोस कुठं येऊन थांबत होता ते बघा. गावात रोज सकाळी आपल्या डोळ्यांनी दिसणारा टपालवाला तुम्हाला खरा वाटत नव्हता, आणि जी गोष्ट माझ्या जन्माच्याही आधी संपली होती ती खरी वाटत होती.

चाक, नांगर, ऐरण असलं सगळं सामान चावडीवरून बैलगाडीत घालून आलं होतं. त्यात तळाशी ती काठी होती. कडं काळं पडलेलं, घुंगरू एकच उरलेलं. गडी गाडी उतरवत होता तेव्हा ती घरंगळून खाली पडली आणि तुम्ही मला लांबूनच म्हणालात, "ते घे." मी घेतली. ती कोणती काठी आहे हे मला हातात आल्यावर कळलं. तुमच्या मुक्या देखाव्यात बोलायचं फक्त मला होतं, एवढा मान तुम्ही दिलात. हॅट घातलेला पोरगा साहेब होऊन आला की मी काठी वाजवायची, कमरेत वाकायचं आणि 'जोहार मायबाप' म्हणायचं. तुम्ही स्वतः वाकून दाखवलंत. छान वाकला होतात.

मोठ्या साहेबांना संध्याकाळची एसटी गाठायची होती, म्हणून कार्यक्रम भर दुपारी झाला. पडदा उघडला. सगळं गाव समोर. बाबा उशिरा आले होते, कडुनिंबाला सायकल लावून मागं उभे होते. मी त्यांना बघितलं. ते आधी कोटाकडे बघत होते. कोटाच्या वर माझं तोंड असणार म्हणून त्यांनी तिथं बघितलं आणि तिथं दुसऱ्याचं पोर होतं. मग त्यांची नजर रांगेनं सरकत आली, डॉक्टर, सुतार, कुंभार, भाजीवाली, आणि सगळ्यात शेवटी मी. मग माझ्या हाताकडे. त्यांनी ती काठी ओळखली हे मला एवढ्या लांबून दिसलं. तेवढ्यात हॅटवाला पोरगा आला. सगळे आपापलं काम करतायत, रंधा चाललाय, चाक फिरतंय, सरपंचाचा पोरगा हवेत पत्रं वाटतोय, आणि मी उभी आहे. पडद्याआडून तुमचा आवाज आला, "वाक! म्हण नं वं, म्हण!" मला तेव्हा एवढंच कळत होतं की तो शब्द तोंडातून निघाला तर आजोबांनी खाली ठेवलेली काठी मी उचलली असं होईल, आणि बाबांचा कोट जन्मभर उसना ठरेल. मी ताठ उभी राहिले.

समोरच्या खुर्चीवरून मोठ्या साहेबांनी विचारलं, "ही मुलगी कोण आहे?" तुम्ही लगबगीनं बाहेर आलात, हात जोडून काहीतरी सांगायला तोंड उघडलंत. मी त्याआधी म्हटलं, "मी टपालवाल्याची पोरगी हाये." जेवढ्या मोठ्यानं म्हणता येईल तेवढ्या मोठ्यानं म्हटलं. लोक हसले. साहेबही हसले, खुर्चीच्या दांडीवर बोटं वाजवत म्हणाले, "छान, छान." त्यांना वाटलं, हाही देखाव्याचाच भाग. असले साहेब. पडदा पडला तेव्हा तुम्ही लांबूनच माझ्याकडे बोट केलंत आणि म्हणालात, "नासवला देखावा. साऱ्या गावात तूच एक खोटी दिसली." हे वाक्य मी विसरले नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही.

बाबा स्टेजच्या मागं आले. त्यांनी आवाज चढवला नाही. सरपंचाच्या पोराच्या अंगातून कोट काढून घेतला, झटकला आणि घडी करून हातावर टाकला. मी काठी तिथंच टाकली होती. तुम्ही बाबांना म्हणालात, "ते उचल अन् गाडीत टाक." बाबा म्हणाले, "ते आपलं काम नाही, गुरुजी." मला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि आम्ही निघालो. वाटेत ते फक्त एकदाच बोलले. "भूक लागली काय वं?" मी हो म्हटलं.

त्यानंतर जे झालं ते मात्र तुमच्या देखाव्यापेक्षा कितीतरी बघण्यासारखं होतं. पोरांनी चाक, नांगर, ऐरण सगळं गाडीत चढवलं. काठी राहिली. तिला हात लावायला एकाही घरचं पोर तयार नव्हतं, घरी कळलं तर माय आंघोळ घालीन म्हणे. गाडीवानानं पाठ फिरवली. आणि आमच्या वस्तीतल्या पोरांना तुम्ही सांगून बघितलंत, तर ती म्हणाली, "ते आमचं काम नाही गुरुजी." बाबांचं वाक्य एका दिवसात सगळ्यांना पाठ झालं होतं. काठी स्टेजवरून अंगणात कशी आली कोण जाणे, बहुतेक कोणीतरी पायानं ढकलली असेल. मग ती तिथंच पडून राहिली. रोज सकाळी प्रार्थनेच्या रांगा तिच्यापाशी येऊन वाकड्या व्हायच्या. तुम्ही स्वतः तिला वळसा घालून वर्गात यायचात, धोतराचा सोगा सावरून. शिवायची नाही आणि उचलायला सांगायलाही कोणी नाही! गावाचं मूळ रूप, गुरुजी, तुमच्या अंगणात उघड्यावर पडलं होतं आणि त्याला प्रेक्षक आम्हीच होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ती नव्हती. सुट्टीत शाळेत दुसरं कोणी येत नसे. तुम्हीच उचलली असणार, कोणी बघत नाही असं बघून.

पण सुट्टीच्या आधी तो दिवस आला. बाबा शाळेचं टपाल रोज खिडकीत ठेवून जायचे. हा तुमचाच शिरस्ता. तुम्ही आतून "ठेव तिथं" म्हणायचात आणि ते पुढे गेल्यावर उठून घ्यायचात. त्या दिवशी ते खिडकीशी थांबले नाहीत, दारात आले. अंगात तो कोट होता. तुम्ही फळ्यावर गणित सोडवत होता.

"ठेव नं खिडकीत," तुम्ही म्हणालात.

"हे ठेवता येत नाही गुरुजी. रजिस्टर हाये. हाती द्या लागते."

"मंग तिथं पायरीवर ठेव, घेतो मी."

"नाही जमत. ज्याचं त्याच्या हाती. हात पुढं करा."

तुम्ही आमच्याकडे बघितलंत, मग त्यांच्याकडे. रजिस्टर तसंच परत गेलं तर साहेबाकडे जाईल, हे तुमच्या ध्यानात आलं असावं. तुम्ही दारापर्यंत गेलात, पायरी उतरलात आणि डावा हात पुढे केलात. बाबांनी त्यावर पाकीट ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. मग सहीचा कागद पुढे केला, सही झाली, आणि ते हसून म्हणाले, "येतो गुरुजी." माय म्हणायची तसं टपालवाला हसत नाही हे खोटंच होतं. पाकिटातून साहेबांचं शाबासकीचं पत्र निघालं. देखावा अगदी वास्तव वाटला म्हणे. तुम्ही ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलंत आणि मग एका पोराला माठातलं पाणी हातावर घालायला सांगितलंत. खडूचा हात धुतो म्हणालात. खडू उजव्या हाताला होता, गुरुजी. धुतलात तो डावा.

तुम्ही काही मारकुटे नव्हतात. पोरं तुमच्यावर जीव टाकायची, अजूनही गावात कोणी जुना भेटला की तुमचे गोडवे गातो. असा मास्तर पुन्हा होणे नाही, म्हणतात. मी मान डोलावते आणि मनात म्हणते, नको होऊ दे.

आता भाचीच्या खेळाकडे येते, कारण हे सगळं मी तिला सांगितलेलं नाही, नुसती कामं सांगितली. पाण्याच्या बाईची घागर बुडेपर्यंत तिला विहिरीवर थांबवली, आणि तिथं दुसरी बाई आणून उभी केली, कारण विहिरीवर कोणी मुक्यानं पाणी भरत नाही. सुताराला सांगितलं, अर्धा दिवस लाकूड उलटंपालटं करून नुसतं बघ. न्हाव्यासाठी आधी लोकांचे केस वाढवायला लावले. कोळ्याला हाकलून दिला. एक माणूस रोज एसटीच्या थांब्यावर जातो आणि बस आली तरी चढत नाही, कारण त्याला कुठं जायचं नाही, कोण उतरलं ते बघायचं आहे. कंपनीतल्या पोरांना ते फार आवडलं. त्यांना वाटतं काम म्हणजे हात हलवणं. मी भाचीला सांगितलं, ज्याची कोणीतरी वाट बघतं ते काम. बाकी सगळी हातवाऱ्यांची कवायत. मग टपालवाला ठेवला. सायकल, खाकी कोट, बाह्या न दुमडलेला.

एका गोष्टीवरून मात्र आमचं भांडण झालं. त्या खेळात मागच्या माणसांना पोरं होतात, आणि पोर मोठं झालं की त्याला आपोआप बापाचं काम मिळतं. मी विचारलं, असं कोणी ठरवलं? भाची म्हणाली, "कोणी नाही गं, ते सोपं पडतं." सोपं पडतं! शिकलेल्या, पुण्यात वाढलेल्या, आमच्याच घरातल्या पोरीच्या तोंडून मी हे ऐकत होते. तिचा पणजोबा काठी ठेवून आला आणि हिनं ती कंपनीच्या यंत्रात पुन्हा उभी केली, तीही सोपं पडतं म्हणून. मी म्हटलं, हे काढा, नाहीतर बाकीचीही कामं परत द्या. "मग कोणाला काय व्हायचंय ते ठरवणार कोण?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "त्यांना विचारा." ती हसली. "मावशी, ती खरी माणसं नाहीत." हे मी आधी ऐकलं होतं. पण तिनं ते काढलं. पोरगी तशी ऐकणारी आहे.

आणि शेवटी मी शाळेपुढे एक गुरुजी ठेवले. धोतर, काळा कोट. भाचीनं विचारलं, यांचं काम काय? मी म्हटलं, टपालवाला आला की यांनी पायरी उतरायची आणि हात पुढे करायचा. तो हातात पत्र देईल आणि जाईल. "मग?" मग परत पायरीवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढे. भाची म्हणाली, "मावशी, तुझी बाकीची माणसं इतकी छान झालीत, पण हे गुरुजी खरे वाटत नाहीत. शिकवत नाहीत, घरी जात नाहीत, यांना दुसरं काही येत नाही का?" मी म्हटलं, "मला जेवढे दिसले तेवढे सांगितले. राहू दे." राहिले. तो खेळ माझ्या फोनवर घालून दिलाय. सकाळच्या चहाबरोबर मी उघडते आणि तुम्हाला पायरी उतरताना बघते. बिस्किटापेक्षा ते गोड लागतं. याची मला लाज वाटत नाही.

परवा त्या खेळात काहीतरी बिघडलं. टपालवाला ओढ्यापाशी सायकलसकट अडकला, चाकं फिरतायत आणि माणूस तिथंच. इकडे तुम्ही पायरी उतरून हात पुढे करून उभे. दळणवाल्या बाया गेल्या, थांब्यावरचा माणूस बस बघून परतला, सुतारानं हत्यारं आवरली, घराघरांत दिवे लागले. तुम्ही तसेच, रिकामा हात पुढे करून. मला आनंद व्हायला हवा होता, आणि आधी झालाही. मग चहा पार निवला तरी मी बघतच होते. शेवटी भाचीला फोन लावला. म्हटलं, टपालवाल्याला ओढ्यातून काढा, माझ्या बापानं कधी इतका उशीर केला नाही. ती म्हणाली, दोन दिवस लागतील. मी म्हटलं, बरं, मग तोवर त्या गुरुजींना संध्याकाळी घरी तरी जाऊ द्या. "घर कसं आहे त्यांचं? आत काय काय दाखवू?" तिनं विचारलं. आणि मला सांगता येईना. तुमच्या घराचा ओटा मला ठाऊक आहे, त्याच्या फरशीवरची चीरसुद्धा ठाऊक आहे. आत काय होतं ते ठाऊक नाही, कारण ओट्याच्या वर तुम्ही आम्हाला कधी येऊ दिलं नाही. मी म्हटलं, चार भिंती दे आणि एक दिवा. बाकी मला माहीत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. ते हातात नेऊन देणारा माणूसही आता राहिला नाही, आणि तुमच्याशी माझं काही मिटलेलं नाही. फक्त काल संध्याकाळी, दुसरं काही काम नसताना, तुम्ही घरी गेलात की नाही एवढं बघायला मी फोन उघडला होता. गेला होतात. दिवा लागलेला होता.